वाळवंटात बारमाही हॅमॉक: नवशिक्यांसाठी

अभिनंदन! इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हातात पडला, गाडीचा हप्ता सुरू झाला, मुलांना इंडियन स्कूलमध्ये जागा मिळाली. आता तुम्हाला निसर्गाची ओढ लागायला काहीच हरकत नाही. रियाध, जुबैल, खोबर, जेद्दा, कुठंही असा, साधारण तिसऱ्या हिवाळ्यात मराठी माणसाला ती लागतेच. पहिला हिवाळा मॉल पाहण्यात जातो. दुसऱ्यात मंडळाची सहल, तांबडी वाळू, भाड्याची क्वाड बाइक आणि दाताखाली कचकचणारी पावभाजी. तिसऱ्या हिवाळ्यात रात्री अकरानंतर मोबाइलवर कॅनडातला कुणी दाढीवाला दोन पाइन झाडांच्या मधोमध निवांत लोंबकळताना दिसतो आणि आपल्या आयुष्यात काहीतरी कमी आहे हे लख्ख कळून चुकतं.

ही कमतरता पैशानं भरून निघते, ही आनंदाची बातमी. हॅमॉक मिळतो, चांगला मिळतो, घरपोच मिळतो. तुम्ही बेत जाहीर केलात की घरातून एकच शंका निघेल: "अहो, पण बांधणार कशाला?" खऱ्या कॅम्परनं असल्या प्रश्नांनी विचलित व्हायचं नसतं. खालचं सगळं मार्गदर्शन या प्रश्नाला शेवटपर्यंत उत्तर न देण्यावर उभं आहे.

१. देशाचा फार अभ्यास करू नका

अभ्यासानं उत्साह मावळतो. सौदी अरेबियात एकही बारमाही नदी नाही. रियाधला वर्षभरात सरासरी शंभरेक मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैत तेवढा एका दिवसात पडून जातो आणि त्याची बातमीही होत नाही. दक्षिणेकडचं रुब अल खाली हे वाळवंट सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं. बर्ट्रम थॉमस नावाच्या इंग्रजानं १९३०-३१ च्या हिवाळ्यात ते पार केलं. असं करणारा तो पहिला युरोपीय. उंटावर बसून गेला आणि वाळूवर झोपला. बिचाऱ्याच्या काळी रिव्ह्यू नव्हते.

हॅमॉकचा इतिहासही वाचू नका. कोलंबसाला तो १४९२ मध्ये बहामा बेटांवरच्या रहिवाशांकडे दिसला. पुढे युरोपी जहाजांवर गेला, कारण डोलत्या जहाजात खलाशी झोपेत इकडून तिकडे घरंगळत. म्हणजे आधी ज्यांच्याकडे झाडं होती त्यांनी तो वापरला आणि मग ज्यांच्याकडे तुळया होत्या त्यांनी. तुमच्याकडे यांतलं काही नाही, पण क्रेडिट कार्ड आहे.

२. खरेदी सावकाश, आणि बसल्या जागी करा

हॅमॉक निवडायला किमान एक हिवाळा गेला पाहिजे. लगेच घेतलात तर तो घेऊन बाहेर जाण्याची वेळ येते.

पहिली गोष्ट लांबी. नऊ फुटी हॅमॉक स्वस्त असतो म्हणून घेऊ नका. त्यात माणूस केळ्यासारखा वाकतो. अकरा फूट, म्हणजे सव्वातीन मीटरच्या वर बघा. अशा हॅमॉकात सरळ न झोपता कोनात, तिरकं झोपायचं असतं, मग पाठ बऱ्यापैकी सपाट राहते. ही माहिती शंभर टक्के खरी आहे आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये सांगायला फार उपयोगी पडते. "तिरका झोपतोस ना?" असं केरळी सहकाऱ्याला विचारा. त्यानं हॅमॉक कधी घेतलेला नसला तरी तो अस्वस्थ होईल.

दुसरी गोष्ट कापड. रिपस्टॉप नायलॉन घ्या. फाटलं तरी चीर पसरत नाही. फक्त उन्हात ठेवू नका, नायलॉनचा धागा सूर्याच्या अतिनील किरणांनी कमजोर होत जातो. कुठल्या देशाच्या उन्हात ठेवू नये हे पाकिटावर लिहिलेलं नसतं, म्हणून आपण निश्चिंत राहायचं.

तिसरी गोष्ट वजन, आणि इथं मात्र तडजोड नको. साधा हॅमॉक सहाशे-सातशे ग्रॅमचा असतो. त्याहून दीडशे ग्रॅम हलका हवा असेल तर जवळजवळ दुप्पट पैसे पडतात. द्या. कारण हे सामान तुम्हाला पाठीवर लादून मैलोन् मैल न्यायचं आहे, असं त्या कॅनडावाल्यानं सांगितलंय. तुम्ही प्रत्यक्षात गाडी थेट मुक्कामाच्या जागी, चटईला चाक लागेल इतकी जवळ नेणार आहात. गाडीत गॅसची शेगडी, दोन आइसबॉक्स, बिर्याणीचं पातेलं, पाण्याचे चार कॅन, घडीच्या सहा खुर्च्या, सासूबाई आल्या असतील तर त्यांच्यासाठी हात असलेली वेगळी खुर्ची आणि कॅरम असणार आहे. पण दीडशे ग्रॅम वाचले ते वाचलेच.

हॅमॉकच्या किमतीचा रुपयाच्या दरानं गुणाकार करू नका. ही सवय पहिल्या वर्षी ठीक असते. शिवाय २०२० च्या जुलैपासून पंधरा टक्के व्हॅट आहे, त्याचाही गुणाकार होतो आणि माणूस खचतो. आकडा रियालमध्ये वाचा, दीर्घ श्वास घ्या, बटण दाबा.

मग कळेल की हा नुसता हॅमॉक होता. झाडाच्या सालीला काच पडू नये म्हणून इंचभर रुंद पट्टे वेगळे. हुक वेगळे. मच्छरदाणी वेगळी. वरचं ताडपत्रीवजा छप्पर वेगळं, त्याच्या खुंट्या वेगळ्या, आणि त्या वाळूत टिकत नाहीत म्हणून वाळूच्या रुंद खुंट्या आणखी वेगळ्या. हिवाळ्यासाठी खालून बांधायची रजई. ती हवीच, कारण पुढे येईल. थोडक्यात, हलका हॅमॉक अंगावर घालून आणलेल्या दागिन्यांसकट सहा-सात किलोंचा होतो.

३. आता झाड

खरं म्हणजे हा टप्पा टाळता आला तर बघा. अगदीच नाइलाज झाला तर सौदी अरेबियात झाडांचे मोजके प्रकार आहेत, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

खजूर. अल-अहसा हे जगातलं सर्वांत मोठं खजुराचं ओअॅसिस. पंचवीस लाख झाडं. युनेस्कोनं २०१८ मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवलं. दम्माम-खोबरवाल्यांना तर दीड-दोन तासांवर. पंचवीस लाख म्हटल्यावर तुमच्या मनात साडेबारा लाख हॅमॉक तरळले असतील, साहजिक आहे. फक्त एवढंच, की त्यातलं प्रत्येक झाड कुणाच्या तरी बागेत, कुंपणाआड उभं आहे आणि त्याला मालक आहे. मालकाला भेटा, सलाम करा. तो आत बोलावेल, खजूर देईल, गहवा म्हणजे अरबी कॉफी देईल, कपावर कप भरत राहील (पुरे असेल तर कप हलवून दाखवायचा, नुसतं "नको नको" म्हणून भागत नाही). तासाभरानं तुम्ही हॅमॉकचा विषय काढाल तेव्हा तो समजुतीनं मान डोलावेल आणि ओसरीवरच्या गालिच्याकडे बोट दाखवेल. बांधायची परवानगी मिळालीच तर खोड नीट पाहून घ्या. छाटलेल्या फांद्यांचे बुडखे खवल्यांसारखे बाहेर आलेले असतात आणि त्यांच्या कडा नवाकोरा पट्टा एका रात्रीत कुरतडतात. फळं पिकायच्या दिवसांत वरून काय पडेल हे सांगायला नको.

तल्ह आणि सिद्र. पहिली बाभूळ, दुसरी आपल्या बोरीची सख्खी बहीण. रियाधवाल्यांचं लाडकं ठिकाण म्हणजे वायव्येकडचा तो कडा, ज्याला सगळे 'एज ऑफ द वर्ल्ड' म्हणतात. तिकडे जाताना वाटेतल्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, बाभळी आहेत, सुंदर आहेत, फोटोत फार छान येतात. दोन बाभळींमधलं अंतर हॅमॉकला चार-साडेचार मीटर लागतं. बाभळींना पाण्यासाठी एकमेकींपासून त्याच्या कैक पट लागतं. त्यात त्यांची जोडी जमली तर काटे बोटाएवढे. एक काटा नायलॉनला पुरतो, आणि दुसरा गाडीच्या टायरला. वर, झाडाला इजा करणं, फांदी तोडणं हा इथं दंडाचा गुन्हा आहे. पर्यावरण सुरक्षेसाठी वेगळं दलच आहे, त्यांच्या गाड्या रानात फिरतात. रियाधच्या ईशान्येला रौदत खुरैम म्हणून सखल जागा आहे, पावसानंतर हिरवीगार होते, झाडी दाट. तिथं जावंसं वाटेल. पण आधी प्रवेशाचे नियम बघा, कारण तो भाग आता राजेशाही राखीव क्षेत्रात मोडतो.

असीरचे जुनिपर. हां, ही खरी झाडं. अबहाजवळचा सौदा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटर उंच; धुकं, गारवा, उतारावर अरअर म्हणजे जुनिपरचं जंगल. त्या कॅनडावाल्याच्या व्हिडिओत शोभेल असं. रियाधहून गाडीनं हजारेक किलोमीटर. म्हणजे गुरुवारी ऑफिस सुटल्यावर निघालात तर शुक्रवारी सकाळी पोचाल, दुपारी हॅमॉक बांधाल, संध्याकाळी परत निघाल. हॅमॉकात काढलेला वेळ आणि स्टिअरिंगमागे काढलेला वेळ यांची तुलना करू नका, ते छोट्या मनाचं लक्षण आहे.

असीर, अल-बाहा आणि ताइफच्या हदा घाटात तुमची वाट पाहणारी आणखी एक मंडळी आहे: हमद्रयास बबून. नराच्या मानेभोवती राखाडी आयाळ, चेहऱ्यावर निवृत्त शिरस्तेदाराचा भाव. टोळीनं येतात. त्यांना खायला घालू नये असा नियम आहे, पण त्यांना तो कुणी सांगितलेला नाही. तुम्ही हॅमॉकात, मच्छरदाणीच्या चेनआड, तिरके, पाठ बऱ्यापैकी सपाट अशा अवस्थेत असताना ते आइसबॉक्सचं झाकण काढतील. हॅमॉकातून घाईनं उठायची कला नवशिक्याला अवगत नसते. आधी दोन्ही पाय एका बाजूला घ्या, मग तोल सावरा, मग चेन शोधा. तोवर श्रीखंड संपलेलं असेल.

वादीतली झाडं. पाणी जिथं वाहतं तिथंच झाडं वाढतात, हे शाळेत शिकलात. इथं पाणी वर्षातून दोन-चारदाच वाहतं, आणि तेव्हा ते तुम्हाला विचारून येत नाही. पाऊस पन्नास किलोमीटर दूरच्या डोंगरात पडतो आणि तुमच्या डोक्यावर चांदणं असताना लोंढा येतो. या एका मुद्द्यावर थट्टा बाजूला: आभाळ भरलेलं असेल किंवा नागरी संरक्षण दलाचा इशारा मोबाइलवर वाजला असेल तर वादीच्या पात्रात मुक्काम करू नका, पाणी वाहत असताना गाडी घालू नका. दर हिवाळ्यात गाड्या वाहून जातात.

शहरातली झाडं. रियाधच्या वादी हनीफाच्या काठानं फिरायला छान जागा केलेली आहे, झाडी आहे, बाक आहेत. पट्टे काढलेत की सुरक्षारक्षक येईल. तो नम्रपणे "ममनू", म्हणजे मनाई आहे, असं म्हणेल. त्याच झाडाखाली, पुठ्ठ्याचं खोकं पसरून, डोक्याखाली हिरवी टोपी घेऊन पालिकेचा बांगलादेशी माळी दुपारची झोप घेत असेल. १५ जून ते १५ सप्टेंबर बारा ते तीन उघड्यावर काम घ्यायला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा त्याची हक्काची वेळ. सौदी अरेबियात बाराही महिने झाडाखाली झोपणारा अनुभवी माणूस हवा असेल तर तो हा. पुठ्ठ्याच्या जाडीबद्दल त्याला विचारून घ्या.

४. झाड मिळालं नाही तर गाडी

मिळणार नाही, म्हणून हा भाग नीट वाचा.

हॅमॉक कसा टांगायचा याचं एक साधं गणित आहे. दोर आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूच्या दोरावर तुमच्या वजनाएवढा ताण येतो. नवशिक्याला तो खालपर्यंत झोळलेला आवडत नाही, म्हणून तो दोर खेचून तंग करतो. कोन दहा अंशांवर आला की तोच ताण जवळपास तिप्पट होतो. माणूस ऐंशी किलोंचा असेल तर एकेका बाजूला सव्वादोनशे किलोंच्या वर. कबसा-भात खाऊन झोपला असेल तर आणखी.

आता दोन गाड्या समोरासमोर उभ्या करा. एक तुमची यारिस, दुसरी साडूची फॉर्च्युनर. फॉर्च्युनरला वरती सामानाची जाळी आहे, तिला पट्टा गुंडाळा. ही जाळी वरून ठेवलेल्या बॅगा पेलायला बनवलेली असते, आडवा हिसका सोसायला नव्हे, पण साडूला हे सांगायची घाई नको. यारिसला जाळी नाही. पट्टा एका मागच्या दारातून आत घालून दुसऱ्या दारातून काढा आणि दारं लावून घ्या. रबर दबेल, एक बारीक 'कर्र' ऐकू येईल, दुर्लक्ष करा. यारिसचं छत दीड मीटरही उंच नाही. तीस अंश सांभाळून बांधलात तर हॅमॉकचं बूड वाळूला टेकतं. म्हणजे आता तुम्ही जमिनीवर पसरलेल्या, दोन्ही बाजूंनी गाड्यांना बांधलेल्या एका अतिशय महाग कापडावर झोपला आहात. टेकू नये म्हणून तंग केलात तर दहा अंशांचं गणित लागू होतं आणि यारिस हलकेच फॉर्च्युनरकडे सरकू लागते. वाळूत हँडब्रेकवर विसंबू नका, चाकांना दगड लावा. दगड नसतील तर आइसबॉक्स.

या काळात मंडळींना एसी हवा असेल, पाण्याच्या बाटल्या हव्या असतील, मुलाला फोन चार्ज करायचा असेल, तर गाडीचं दार उघडता येणार नाही हे शांतपणे समजावून सांगा. एवढ्यात "मीपण, मीपण" करत दोन पोरं हॅमॉकात उडी मारतील. तेव्हा ते ऐंशी किलोंचं गणित आठवा आणि नव्यानं मांडा.

स्टँडचा पर्यायही आहे. लोखंडी, घडीचा, झाडाविना हॅमॉक टांगता येतो. पंधरा-वीस किलो. दीडशे ग्रॅम वाचवण्यासाठी दुप्पट पैसे दिले होते, ते इथं उपयोगी पडले असं समजा.

५. बारमाही म्हणजे काय

खोक्यावर 'चारही ऋतूंसाठी' असं छापलेलं असतं. ते छापणाऱ्याच्या गावी चार ऋतू होते.

जून ते ऑगस्ट. रियाधला दुपारी त्रेचाळीस-पंचेचाळीस अंश, पहाटेही तीसच्या आसपास. वर जून-जुलैत उत्तरेकडून शमाल वारा, आणि त्याच्याबरोबर बारीक धूळ. वाऱ्यात हॅमॉकचं शीड होतं. किनाऱ्यावर बरं असेल असं वाटतंय? दहरानला ८ जुलै २००३ रोजी हवेचं तापमान बेचाळीस आणि दवबिंदू पस्तीस अंश नोंदवला गेला. दवबिंदूचा हा जागतिक विक्रम मानतात. अशा हवेत घाम वाळतच नाही, तुम्ही हॅमॉकात मंद आचेवर वाफवले जाता. अर्थात तुम्ही त्या दिवसांत तिथं नसणारच, कारण शाळेला सुट्टी आणि तुम्ही डोंबिवलीत. हॅमॉक सोबत घेऊन जा. बाल्कनीच्या ग्रिलला बांधा. खालच्या मजल्यावरचे काका "काय रे, कपडे वाळत घातलेस का अंगासकट?" असं विचारतील. सोसायटीचे सेक्रेटरी ग्रिलच्या वेल्डिंगबद्दल दोन शब्द बोलतील. वर्षातला एकमेव सलग वापर मात्र इथंच होतो, ही गोष्ट फोटोंत सांगू नका.

ऑक्टोबर. अजून गरम आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हाच तो मोसम. डिसेंबरच्या ७ तारखेच्या सुमारास चाळीस दिवसांची मुरब्बानिया सुरू होते, कडाक्याच्या थंडीची. उत्तरेला तुरैफ-कुरय्यातकडे पारा शून्याखाली जातो, तबूकच्या जबल अल-लौझवर बर्फ पडतं, रियाधबाहेरच्या उघड्या माळावर पहाटे पाच अंशांची बोचरी हवा. स्लीपिंग बॅग आहे, मग काय, असं म्हणाल. बॅगेतलं भरण अंगाखाली दबतं आणि दबलेलं भरण ऊब धरत नाही; हॅमॉकच्या खालून तर वारा मोकळा. रात्री तीन वाजता वरून तुम्ही उबदार असाल आणि बुडाखालून फ्रीजरमध्ये ठेवल्यागत. म्हणून ती खालची रजई. पैसे वाचवायला हॅमॉकखाली शेकोटी करू नका, नायलॉन आधी वितळतं आणि मग तुम्ही. शिवाय स्थानिक लाकूड विकायला बंदी आहे, परदेशातून आणलेलंच सरपण किंवा कोळसा घ्यावा लागतो, आणि तो थेट जमिनीवर पेटवायचा नसतो.

मार्च ते मे. वादळं, गारा, धुळीचे लोट, मग पुन्हा ऊन. चांगल्या हॅमॉकच्या थैलीची नाडी घट्ट असते, ती याच दिवसांसाठी.

बारमाहीचा अर्थ एव्हाना ध्यानात आला असेल: बारा महिने हॅमॉक तुमचा असतो.

एक खरा फायदाही नोंदवायला हवा. वाळूतले विंचू सहसा वर चढून येत नाहीत. हा मुद्दा बायकोपुढे अवश्य मांडा. रात्री लघुशंकेला जाताना जमिनीवरून चालत जावं लागतं, हा मुद्दा तीच मांडेल. बूट झटकून घाला.

६. शेजाऱ्यांशी कसं वागावं

थंडीत कश्त्याला, म्हणजे रानातल्या सहलीला, निघालेलं सौदी कुटुंब तुमच्यापासून शंभर पावलांवर येऊन थांबेल. निरीक्षण करा, पण न्यूनगंड येऊ देऊ नका. गाडी थांबल्यापासून दहाव्या मिनिटाला त्यांचा लाल-काळ्या पट्ट्यांचा गालिचा पसरलेला असतो, कडेनं कोपर टेकायला गाद्या, वाऱ्याच्या बाजूला कापडाचा आडोसा, मध्ये पत्र्याच्या तबकात निखारे आणि त्यावर कॉफीचा पितळी दल्ला. आजोबा एका कुशीवर रेलून आभाळाकडे बघतायत. शंभर टक्के सपाट.

तुम्ही तिसऱ्यांदा गाठ सोडत असताना त्यांचा मुलगा येईल, थोडा वेळ उभा राहील आणि विचारील, "हे काय आहे?" तुम्ही हातवारे करून सांगाल. तो विचार करील. मग म्हणेल, "पण झाड?" त्याला रिपस्टॉपबद्दल सांगा. तो जाऊन वडिलांना घेऊन येईल. वडील गाडीची अवस्था बघतील, मागच्या दारातून गेलेला पट्टा बघतील, आणि "तफद्दल, तफद्दल" (या, या) म्हणत तुम्हाला सहकुटुंब गालिच्यावर नेतील. जा. एकदा नाही म्हणणं चालतं, दुसऱ्यांदा नाही. मुलं तिथंच झोपतील. वहिनींना तिथली गादी फार आवडेल आणि परतीच्या वाटेवर त्या "ती कुठं मिळते हो?" असं विचारतील. ऐकू न आल्यासारखं करा.

७. धीर धरणाऱ्यांसाठी

घाईत नसाल तर सरकार तुमच्या बाजूनं आहे. २०२१ मध्ये सौदी ग्रीन इनिशिएटिव्ह जाहीर झाला, त्यात येत्या काही दशकांत देशभर हजार कोटी झाडं लावायचं लक्ष्य आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सव्वातीन कोटींच्या आसपास. म्हणजे माणशी तीनशे झाडं, आणि दोन झाडांना एक या हिशेबानं माणशी दीडशे हॅमॉक. त्यातली काही खारफुटी असेल, ती चिखलात असते, तेवढे वजा करा. खोड तुमचं वजन पेलण्याइतकं जाड व्हायला पंधरा-वीस वर्षं धरा. तोवर तुमचा इकामा संपलेला असेल, पण हॅमॉक मुलांना वारसाहक्कानं देता येतो. आजवर न वापरल्यामुळं तो चांगल्या स्थितीत असेल.

तोपर्यंत माझा सल्ला: शुक्रवारी दुपारी रियाधच्या बत्हा बाजारात जा, अबू रियालैनच्या, म्हणजे दोन रियालवाल्या, दुकानातून प्लॅस्टिकची मोठी चटई घ्या, जमलं तर तिथंच शेजारी गादी मिळते का बघा. हॅमॉक याआधीच घेऊन बसला असाल तर पावती सांभाळून ठेवा आणि लेबल कापू नका. बहुतेक दुकानं ठरावीक मुदतीत माल परत घेतात. वस्तू वापरलेली नसावी एवढीच त्यांची अट असते, आणि ती तुम्ही सहज पूर्ण कराल.